क्लाउडचं स्थळ

समता कॉलनीत एखादा नवा भाडेकरू आला, की त्याचं सामान ट्रकमधून उतरायच्या आत विमलाताई ढोमण्यांना त्याचं मूळ गाव, त्याच्या बायकोचं माहेर आणि दोघांचं आपसात पटतं की नाही हे कळलेलं असतं. त्या हेरगिरी करत नाहीत, सरळ जाऊन विचारतात. गॅस आणणाऱ्याला त्यांनी एकदा विचारलं होतं, की रिकामं आणि भरलेलं सिलिंडर डोळे मिटून नुसत्या आवाजावर ओळखता येतं का. बिचारा डोळे मिटून सिलिंडर वाजवत बसला आणि मागच्या गल्लीतले लोक त्याच्या नावाने ओरडत राहिले.

मी त्यांची शेजारीण, मंजिरी. शाळेत शिकवते, त्यामुळे प्रश्नोत्तरांचा मला धंद्यानेच कंटाळा आहे, आणि माझं डोकं लवकर तापतं हे कॉलनीत सगळे जाणून आहेत. तरी संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतेच. दिवसभर शाळेत ऐकलेल्या उत्तरांपेक्षा त्यांचे प्रश्न जास्त बरे असतात.

विमलाताई 'सोयरीक' नावाचं विवाह केंद्र चालवतात. घराची पुढची खोली, एक दिवाण, काही प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला लागून फायलींचं कपाट, एवढाच पसारा. त्यांचे सासरे नागपूरकडून रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात आलं असं आमच्याकडे मोठ्या तोऱ्यात सांगतात, पण मुलीचं लग्न निघालं की तोरा कामाला येत नाही. रायपूरच्या मराठी घरांची अडचण अशी, की सगळे एकमेकांना ओळखतात. गणपतीच्या मंडपात लहानपणापासून नाक पुसताना पाहिलेला पोट्टा नवरा म्हणून डोळ्यांपुढे येत नाही. मुलगी नागपूरला द्यावी, तर तिथले म्हणतात तुमच्या मराठीत अर्धी हिंदी आहे. मग विमलाताई दुर्ग, भिलाई, बिलासपूर, गोंदियापर्यंत धागे टाकतात आणि कुठेतरी गाठ बसवतात.

त्यांची एक रीत आहे. पहिल्या भेटीत पोहे, दुसऱ्या भेटीत पोटातलं, असं त्या म्हणतात. पहिल्या भेटीला दोन्हीकडची मोठी माणसं, शिक्षण, नोकरी, फोटोतल्यापेक्षा मुलगा किती बुटका आहे ते. दुसऱ्या भेटीला फक्त मुलगा आणि मुलगी. ती भेट तेलीबांध्याच्या तळ्याकाठी व्हायची, आणि विमलाताई लांबच्या बाकावर शेंगांचा पुडा घेऊन पाठमोऱ्या बसायच्या. पूर्वी मोडलेला साखरपुडा, एखादं दुखणं, घरातली व्यसनं, जे काही असेल ते त्या भेटीत ज्याचं त्याने सांगायचं. विमलाताईंना ते आधीच माहीत असायचं, कारण नाव नोंदवताना लोक त्यांच्यापाशी मन मोकळं करत. पण त्यांनी ते कधी कागदावर लिहिलं नाही की कुणाला सांगितलं नाही. सगळं डोक्यात. अख्ख्या रायपूरला प्रश्न विचारणारी बाई, पण उत्तर मात्र कुणालाच द्यायची नाही.

माझं लग्नही त्यांनीच जमवलं. माझा नवरा घोरतो, आणि साधंसुधं नाही तर शेजारचं घर जागं होईल असं घोरतो, हे त्यांना सासूबाईंनी नोंदणीच्याच वेळी सांगितलं होतं. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या भेटीत त्यानेच मान खाली घालून ते सांगितलं आणि मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. त्याच्या आईकडून कळलं असतं, तर मी नकार दिला असता.

गेल्या वर्षी मात्र विमलाताईंकडून एक चूक झाली. त्यांनी मनातल्या मनात दोन मुलींची अदलाबदल केली. एकीच्या आईला तिच्या नणंदेसमोर विचारलं, की मुलीला आता फिट येत नाहीत ना. त्या मुलीला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. ती बाई चहाचा कप तसाच ठेवून उठली. नंतर माफी मागून झाली, समजूत पटली, पण विमलाताईंनी तो प्रसंग मनाला लावून घेतला. ओट्यावर बसून त्या मला म्हणाल्या, "मंजू, माझं पोट फुटकं नाही व. पण डोकं आता गळून राहिलं."

म्हणजे डोक्यातलं कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं. आणि लिहिलं की कुणीतरी वाचणार. आमच्यासारख्या गावात, जिथे एका घरात शिंकलं की तीन घरांतून 'काय झालं' विचारतात, तिथे एखाद्या मुलीची गोष्ट फुटली तर तिने करायचं काय? विमलाताईंचं सारं केंद्र या एका भरवशावर उभं होतं, की यांच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही.

तोडगा सुनेने सुचवला. स्नेहल तेलीबांध्याच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते. मूळची भिलाईची, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. सगळं क्लाउडवर ठेवा, ती म्हणाली. क्लाउड हा शब्द विमलाताईंनी फोनवर पुष्कळदा पाहिला होता, पण कुणी समजावून सांगायला बसलं नव्हतं. आता त्या स्नेहलला ऑफिसला जाऊ देईनात. क्लाउड म्हणजे कुठे? गावाचं नाव सांग. तिथे राखण कोण करतं? पाऊस आला तर? स्नेहलने शेवटी गाडीची किल्ली उचलली आणि सांगितलं, की क्लाउड एकाच प्रकारचा नसतो, आधी आपल्या धंद्याला कोणता हवा ते ठरवावं लागतं, त्यासाठी माणसं बोलावू.

विमलाताईंच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सोपा झाला. प्रकार अनेक आहेत, निवडायचा एक आहे, आणि एकदा दिलं की निभावायचं आहे. म्हणजे हे स्थळ पाहणंच झालं. चौकशी कशी करायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मला त्यांनी शेजारी बसवलं, कारण माझा चेहरा पाहून समोरचा माणूस थापा मारताना अडखळतो असं त्यांचं मत आहे.

पहिलं स्थळ घेऊन आला शिशिर नावाचा तरुण, टाय लावून, मे महिन्यात. त्याच्या कंपनीकडे विवाह केंद्रांसाठीच तयार केलेली सेवा होती आणि ती पब्लिक क्लाउडवर चालायची. पब्लिक म्हणजे चव्हाट्यावर नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. एका बड्या कंपनीची मशीनं असतात, हजारो धंदे त्यात आपापल्यापुरती जागा भाड्याने घेतात, कुणाला कुणाचं दिसत नाही. लग्नसराईत जागा जास्त लागली तर वाढवा, नंतर सोडून द्या. मशीन बिघडलं, बदलायचं झालं, ती त्यांची डोकेदुखी.

विमलाताईंनी पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि सुरुवात केली. घर कुठे आहे? मुंबईला, काही भाग हैदराबादला. घरात आणखी कोण राहतं? ते सांगता येत नाही. आपल्या खोलीची किल्ली घरमालकाकडे असते का? शिशिर म्हणाला, तशी असते, पण ते उघडत नाहीत. हा 'पण' मी माझ्या चेहऱ्याने टिपला. मग विमलाताईंनी तो प्रश्न विचारला जो त्या प्रत्येक स्थळाला विचारतात: नाहीच पटलं आणि परत यायचं झालं, तर मुलीचं सामान परत मिळेल का?

मिळेल, शिशिर म्हणाला, सगळा डेटा देऊ. अधिक खोदल्यावर कळलं, की तो ज्या रूपात मिळेल ते फक्त त्यांच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. विमलाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, की पोट्टी माहेरी येईल, पण तिचं बोलणं आपल्याले समजणार नाही. शिशिरने पोहे संपवले आणि टाय सैल केला. पोरगा वाईट नव्हता. जाताना विमलाताईंनी त्याचं वय, पगार आणि गोत्र विचारून घेतलं.

दुसऱ्या स्थळाचा माणूस वयस्क होता आणि त्याने येताना एक पेटीही आणली होती, लोखंडी, जुन्या व्हीसीआरपेक्षा जरा मोठी. हा प्रायव्हेट क्लाउड. मशीन तुमचं, घर तुमचं, त्यात दुसरं कुणी नाही, किल्ली फक्त तुमच्याकडे. विमलाताईंना हे ऐकताक्षणी आवडलं. त्यांचे यजमान दिवाकरराव रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले, तेही खुलले आणि पेटीची देखभाल मी करीन म्हणाले. मग विमलाताई विचारू लागल्या, आणि स्थळाचं एकेक बाहेर आलं. पेटीला थंड हवा लागते, म्हणजे उन्हाळाभर एसी. लाइट गेली तर बॅटरी. पेटीच जळाली तर दुसरी पेटी दुसऱ्या घरात ठेवावी लागेल. नवी सॉफ्टवेअरं येतात ती वरचेवर घालावी लागतील, नाहीतर चोराला दार उघडंच.

"म्हणजे हा घरजावई आहे," विमलाताई म्हणाल्या. "एसीत बसन, आजारी पडला तं दवाखान्यात आपण नेऊ, अन् काही झालं तं बोल आपल्याले." त्यांनी छताकडे पाहिलं. तिथला पंखा दिवाळीपासून खडखडत होता आणि दिवाकरराव तो उद्या पाहणार होते. पेटी परत गेली.

तिसरं स्थळ स्नेहलने स्वतः मांडलं. दोन्ही घ्या, ती म्हणाली, जे ज्याला शोभेल ते. फोटो, शिक्षण, नोकरी, पत्रिका ही सगळ्यांना दाखवायचीच असतात आणि गोंदियाच्या माणसाला गोंदियात बसून दिसायला हवीत, ती भाड्याच्या मोठ्या घरात राहू देत. आणि पोटातलं वेगळ्या, फक्त आपल्या मशीनवर. ते मशीन आपल्या घरी नको असेल तर नवा रायपूरमधली एक छोटी कंपनी सांभाळते. दोन्ही एकमेकांना जोडलेली, पण कुलपं दोन. याला हायब्रिड म्हणतात. पोहे बाहेरच्या खोलीत आणि पोटातलं आतल्या, हे विमलाताईंना सांगावंच लागलं नाही, त्यांनीच आम्हाला सांगितलं.

तरी घर पाहिल्याशिवाय त्या होकार देणार नव्हत्या. एका शनिवारी स्नेहलने आम्हा दोघींना गाडीत घालून नवा रायपूरला नेलं. रुंद रस्ते, माणसं कमी, आणि बाहेर अंगाची लाही होत असताना आत अशी थंडी की विमलाताईंनी पदर कानांवरून घेतला. कपाटांसारख्या रांगा होत्या, त्यांत हिरवे बारके दिवे लुकलुकत होते आणि सतत घों घों आवाज होता. पंख्याचा आहे, आत काही दळत नाही, हे विमलाताईंनी तिथल्या माणसाकडून वदवून घेतलं. रखवालदाराचं गाव त्यांनी विचारलं. तो अभनपूरकडचा निघाला. रात्री कोण असतं, आग लागली तर पाणी मारता की आणखी काही, हेही झालं. शेवटी आपलं मशीन कोणतं ते दाखवा म्हणाल्या, आणि दाखवल्यावर त्यांनी त्याच्यावर अलगद हात ठेवला.

"गरम आहे व," त्या मला म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्या खूश होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही होते. इतकी वर्षं वापरत असलेली गोष्ट कुठे राहते हे मलाही पहिल्यांदा कळलं होतं.

पावसाळाभर स्नेहलने फायली चढवल्या आणि विमलाताईंनी डोक्यातलं एकेक आठवून आतल्या खोलीत टाकलं. काही गोष्टी सांगताना त्या स्नेहललाही बाहेर पाठवत आणि एका बोटाने स्वतः लिहीत. बाहेरच्या कुलपाला एक नंबर, आतल्याला दुसरा, असं स्नेहलने बजावलं होतं. दोन नंबर लक्षात राहीनात म्हणून विमलाताईंनी दोन्हीला एकच ठेवला. त्यात आमच्यासारख्या कुणाला काही वावगं वाटलंही नसतं. आमच्या घरांत कपाटाची किल्ली कपाटावरच असते.

आता त्या पुढच्या खोलीची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच बिघडलं. विमलाताईंकडे आलेली मुलाची आई दिवाणावर बसायची आणि फायलींचा गठ्ठा स्वतःच मांडीवर घ्यायची. हवं ते काढा, पाहत बसा, मी चहा टाकते. पाहुण्याच्या हातात वस्तू द्यायची आणि तिला कुलूप घालायचं, हे आमच्यात पाहुण्याला दारात उभं करण्यासारखंच. फायलींच्या जागी टॅब आला तरी खोली तीच होती आणि बाई तीच होती.

बिलासपूरहून पूर्णिमाबाई आल्या त्या दिवशी मी तिथेच होते. त्यांचा मुलगा भार्गव वीज कंपनीत, चांगलं घर. अभनपूरच्या श्रावणीशी त्याची पहिली भेट होऊन गेली होती, दोघं एकमेकांना पसंत होती, दुसरी भेट येत्या रविवारी ठरत होती. श्रावणी तिथल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, शांत, नजरेला नजर देऊन बोलणारी मुलगी. विमलाताईंनी टॅब पूर्णिमाबाईंच्या हातात दिला आणि पोहे करायला आत गेल्या. श्रावणीचे आणखी फोटो पाहते, पूर्णिमाबाई म्हणाल्या, नंबर मागतोय. विमलाताईंनी कढईवरूनच तो ओरडून सांगितला. आणखी एकदा मागतोय, पूर्णिमाबाई म्हणाल्या. तोच टाका, आतून उत्तर आलं.

मी वर्गाचे पेपर तपासत होते. मान वर केली तेव्हा पूर्णिमाबाई टॅब उलटा ठेवून पदर सावरत होत्या. त्यांनी पोहे अर्धेच खाल्ले, गाडीची वेळ झाली म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की भार्गव सध्या लग्नाला तयार नाही, रविवारचं राहू द्या. श्रावणीच्या घरीही त्यांनी फोन केला, आणि तो तसा अगदी गोड होता. मुलीच्या तब्येतीला जपा, तेवढं त्या म्हणाल्या.

श्रावणीला लहानपणी फिट यायच्या. औषधं कधीची बंद झाली, डॉक्टरांनी पूर्ण बरी म्हणून सांगितलं. ज्या गोष्टीवरून विमलाताईंनी चुकून दुसऱ्याच आईला विचारलं होतं, ती गोष्ट हिची. ती जपण्यासाठीच हा सगळा खटाटोप झाला होता.

मला पूर्णिमाबाईंचा भयंकर राग आला. दुसऱ्याच्या घरी बसून आतली खोली उघडायची आणि वर गोड बोलायचं, हे कुठल्या संस्कारात बसतं? मग विमलाताईंचा आला, त्याहून जास्त. मी स्नेहलसमोर क्लाउडलाही चार शब्द सुनावले. ती भांडी आवरत होती, तिने हात थांबवला आणि सासूकडे न पाहता म्हणाली, "क्लाउड तो ठीक था, आई. चाबी ही सबको दे दी."

श्रावणी एका दुपारी आली. दिवाणावर बसली नाही, दारालगतच्या खुर्चीत बसली. विमलाताईंनी पाणी आणलं ते तिने घेतलं. चिडलेली नव्हती, आणि तेच आम्हा दोघींना जड गेलं. दुकानात कुणाकुणाची औषधं आहेत हे मला रोज कळतं काकू, ती म्हणाली, मी घरीसुद्धा बोलत नाही.

"मी भार्गवले रविवारी सांगणारच होती, काकू," ती म्हणाली. "पण मी सांगणार होती."

माझं नाव काढून टाका, श्रावणी म्हणाली, आणि दारात ठेवलेल्या चपला घालून गेली. विमलाताई रडल्या नाहीत. कपाटापाशी जाऊन जुन्या फायलींवर हात फिरवत उभ्या राहिल्या. मला माझ्या नवऱ्याची ती खाली घातलेली मान आठवली.

पुढे काही दिवस 'सोयरीक' बंद होतं. येणाऱ्याला दिवाकरराव फाटकातूनच परत पाठवायचे. मी ओट्यावर जाऊन बसायचे. कॉलनीत नवे भाडेकरू आले, त्यांचा ट्रक आमच्या समोरच रिकामा झाला, आणि विमलाताईंनी मान वळवूनही पाहिलं नाही. त्या दिवशी मात्र मला काळजी वाटली.

मग एकदा स्नेहल ऑफिसातून आली, तेव्हा विमलाताईंनी तिला चहाआधीच अडवलं. "मले एक सांग. असं कुलूप असते काय, ज्याची चाबी माझ्याजवळही नाही?"

असतं, स्नेहल म्हणाली. श्रावणीसारख्या मुलीने आपली गोष्ट स्वतःच्या फोनवर लिहायची आणि तिथेच कुलूपबंद करायची. आपल्याकडे येते ती बंद पेटी. ती मोठ्या कंपनीला उघडता येत नाही, मला येत नाही, तुम्हालाही नाही. आणि मुलीने किल्ली हरवली, तर पेटी कायमची बंद. मग मला काय दिसेल, विमलाताईंनी विचारलं. नावापुढे कुलपाची छोटी खूण, बस. म्हणजे इथे काहीतरी आहे आणि दुसरी भेट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मी विमलाताईंना ओळखते. गावातली प्रत्येक बंद पेटी उघडून पाहावीशी वाटणारी ही बाई, तिला घरात बंद पेट्यांची रास ठेवायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पण त्या हळूच हसल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "मले माहीतच नसन, तं मी विसरीन काय? अन् सांगीन कोणाले?"

मग स्नेहलने आणखी एक सांगितलं, जे मला फार गमतीचं वाटलं. पेटी अशी पक्की बंद असेल, तर नवा रायपूरचं वेगळं मशीन ठेवायचीही गरज नाही. किल्ली मुलीपाशीच असली की भाड्याचं घरही चालतं. विमलाताई म्हणाल्या, म्हणजे आपण घर पाहत हिंडलो आणि पाहायची होती किल्ली. तरी भाड्याचं घर त्यांनी शिशिरकडून नाही घेतलं. दुसरी सेवा शोधली, आणि सोडायचं झालं तर सगळं साध्या, कुणालाही उघडता येईल अशा रूपात परत मिळेल, ही अट आधी कबूल करून घेतली. आतल्या खोलीत एका बोटाने लिहिलेलं सगळं त्यांनी समोर बसून पुसायला लावलं. नवा रायपूरचं मशीन रिकामं झाल्याचं कळलं तेव्हा ते आता गार पडलं असेल का, एवढंच विचारलं.

श्रावणीकडे त्या स्वतः गेल्या, बसने, अभनपूरला. दुकानातली गिऱ्हाईकं संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिल्या, हे मला नंतर श्रावणीनेच सांगितलं. माफी मागितली, आणि नवं कुलूप कसं आहे ते समजावलं. परत नाव लाव असं एकदाही म्हणाल्या नाहीत. श्रावणी तेव्हा हव काकू, बघते, एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर ती आली. दिवाणावर बसली, फोन काढला आणि लिहू लागली. विमलाताई आत स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ती काय लिहिणार हे त्यांना पाठ होतं, तरी त्या वळल्या नाहीत. टॅबवर श्रावणीच्या नावापुढे कुलपाची खूण उमटली तेव्हाच बाहेर आल्या आणि चहा टाकू का म्हणाल्या. श्रावणी म्हणाली, टाका.

दुर्गचा निरंजन हिवाळ्यात आला. भूगोलाचा शिक्षक, बोलताना हातांनी नकाशे काढणारा. पहिल्या भेटीत त्याने पोहे दोनदा मागून घेतले. त्याच्याही नावापुढे कुलूप होतं, आणि ते पाहिल्यापासून विमलाताईंचा जीव कासावीस. मुलाचं काय असेल? दारू? नसेल. आधीचं लग्न? वय तेवढं वाटत नाही. त्याच्या आईला फोन करायला त्या दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. मी सगळं पाहत होते आणि मनातून माझीही उत्सुकता काही कमी नव्हती.

दुसऱ्या भेटीला तेलीबांध्याच्या तळ्यावर मलाही घेऊन गेल्या. संध्याकाळची गर्दी होती, फिरायला आलेली कुटुंबं, भेळवाले, पोरांचे फुगे. ती दोघं काठाच्या कट्ट्यावर बसली, आम्ही लांब बाकावर, पाठमोऱ्या. विमलाताई शेंगा फोडत होत्या आणि खात नव्हत्या. मी मान वळवून पाहिलं. आधी श्रावणी बोलत होती, बराच वेळ. मग निरंजनचे हात, एरवी सतत हलणारे, मांडीवर गप्प पडले आणि तो बोलू लागला. श्रावणीने एकदा डोळे पुसले. नंतर ती हसलीही.

"काय असेल हो त्याचं?" मी न राहवून विचारलं.

"मले नाही माहीत, मंजू," विमलाताई म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, आणि त्या ते किती सुखाने म्हणाल्या.

दिवे लागल्यावर श्रावणी आमच्या बाकापाशी आली. निरंजन मागे भेळवाल्यापाशी थांबला होता. तिने विमलाताईंचा हात धरला.

"मी सांगितलं, काकू," ती म्हणाली. "मीच सांगितलं."

विमलाताईंचे डोळे भरून आले. त्याने काय सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. शेंगांचा पुडा तिच्यापुढे केला आणि बाकावर तिला बसायला जागा दिली.